भिलारची स्ट्रॉबेरी, तासगावचा बेदाणा

२०२५ चा रमजान मार्च महिन्यात आला. सातारा जिल्ह्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम अजून चालू होता आणि सांगली जिल्ह्यात बेदाण्याच्या शेडमधले रॅक भरलेले होते. माझं सासर साताऱ्याचं, माहेर तासगावचं. दोन्हीकडची फळं एकाच रोटीत घालायची, ही कल्पना आमच्या आठवीतल्या मुलीची. तिने मोबाइलवर बेगल पाहिला होता.

बेगल म्हणजे मेदूवड्यासारखं मधे भोक असलेला, यीस्टने फुगवलेला पाव. पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. तुर्कस्तानात अशीच गोल सिमित असते. ती भाजण्याआधी द्राक्षाच्या काकवीच्या पाण्यात बुडवतात, तर बेगल उकळत्या पाण्यातून काढतात. द्राक्षाची काकवी म्हटल्यावर मला तासगावच आठवलं.

रमजानच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वाईवरून पसरणी घाट चढलो आणि पाचगणीच्या पुढे भिलारला उतरलो. हे ‘पुस्तकांचं गाव’. ४ मे २०१७ पासून इथल्या घराघरांत वाचकांसाठी पुस्तकं ठेवलेली आहेत. शाळेची सहल घेऊन मी इथे आले होते, पण या वेळी पुस्तकांकडे न वळता थेट शेतावर गेले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या परिसराच्या लाल मातीचा आणि थंड हवेचा वाटा मोठा. परतीच्या एसटीत मांडीवर दोन किलो स्ट्रॉबेरी, तोंडाला रोजा आणि सगळ्या गाडीत तो वास! मुलगी म्हणाली, “अम्मी, आज सबरची परीक्षाच आहे.”

पहिला घाणा फसला. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच. कच्च्या फोडी घातल्या आणि पीठ सैल होऊन हाताला चिकटलं. भाजल्यावर लाल रंगाचा मळकट तपकिरी झाला. दुसऱ्या वेळी पाव किलो फळ मंद आचेवर आटवून शंभर ग्रॅम गर केला. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दोन चमचे साखर, दहा ग्रॅम मीठ, तो गर आणि दोनशे मिली कोमट पाणी घेतलं. रोज्यात चव पाहता येत नाही, म्हणून मीठ तोलूनच घातलं. दहा मिनिटं घट्ट मळून शेवटी मूठभर बेदाणे मिसळले. तासाभराने पीठ दुप्पट फुगलं. आठ गोळे करून मधे भोक पाडलं, प्रत्येक बाजू मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवली आणि २२० अंशांवर वीस मिनिटं भाजलं. उकळल्यामुळे वरचा थर शिजून घट्ट होतो. म्हणूनच बेगलची साल चकचकीत आणि आतला भाग चिवट लागतो.

पुढच्या शनिवारी डबा घेऊन कराड, पलूसमार्गे तासगावला निघाले. मनात धाकधूक होती. अब्बांची एक एकर द्राक्षबाग होती. लागोपाठ दोन वर्षं अवकाळी पावसाने घात केला आणि कर्ज फेडण्यासाठी ती विकावी लागली. पुढे अब्बाही गेले. तेव्हापासून अम्मीने घरात बेदाणा आणला नव्हता, शीरखुर्म्यासाठीसुद्धा नाही.

इफ्तारला खजूर आणि पाणी झाल्यावर मी बेगल पुढे ठेवला. अम्मीने तुकडा मोडला, त्यातला बेदाणा काढून दोन बोटांत दाबला आणि तोंडात टाकला. आम्ही गप्प होतो.

“हा यंदाचा माल नाही,” ती म्हणाली. “जुना आहे. कुठून घेतलास?”

“साताऱ्यातल्या दुकानातून.”

“तासगावची पोर, आणि बेदाणा दुकानातून!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः आम्हाला ओळखीच्या शेडवर घेऊन गेली. द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून जाळीवर कसे पसरतात, सावलीत पंधरा-एक दिवस वारा कसा लागू द्यायचा, चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा कसा होतो, हे नातीला सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. दोन किलो बेदाणे तिनेच निवडले.

चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान साधारण तेहतीस वर्षांनी त्याच मोसमात परततो. १९९२ मध्येही तो मार्चमध्येच होता. तेव्हा मी दहा वर्षांची होते. अब्बांच्या शेडवर रोजा ठेवून बेदाणे निवडायचे आणि एकही तोंडात टाकायचा नाही, याची राखण अम्मी करायची. आज ती पंचाहत्तरीची आहे. पुढच्या फेरीला आमच्यापैकी कोण असेल, ते अल्लाहलाच ठाऊक.

ईदच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. “बेगल तुझे तू कर. शीरखुर्म्यात यंदा बेदाणे घातलेत, ते खायला ये.”