दहा मिनिटांची मुदत

कृष्णामाई साताऱ्याजवळच्या माहुलीहून कराडवरून सांगलीला आपली आपण पोचते. संगणकातल्या माहितीला मात्र वाट दाखवणारा लागतो. तो म्हणजे राउटर. दिसायला साधा डबा. त्याला पडदा नाही, माउस नाही. आपण आपल्या संगणकावरून हुकूम टाइप करायचा, की स्वारी लगेच ऐकते.

माझं काम हेच. साताऱ्यात बसून मी सांगलीतल्या एका पतसंस्थेचा राउटर सांभाळतो. आता गंमत बघा. ज्या वाटेनं माझा हुकूम सांगलीला जातो, तीच वाट कधी कधी बदलावी लागते. म्हणजे बसलेली फांदी तोडणंच की! एक आकडा चुकला तर वाट बंद. मग 'थांब, चुकलं' हेसुद्धा त्याला कळवता येत नाही. तिकडे पैसे काढायला आलेली आजी-आजोबा मंडळी खिडकीपाशी ताटकळणार आणि मी पेठ नाका, आष्टा करत सुमारे १२० किलोमीटर एसटीनं जाणार!

यावर सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये एक झकास सोय आहे. बदलाआधी मी लिहितो, 'रीलोड इन १०'. म्हणजे १० मिनिटांनी बंद होऊन पुन्हा चालू हो. राउटर नवा हुकूम लगेच पाळतो, पण वेगळं सांगितल्याशिवाय कायमचा जपून ठेवत नाही. त्यामुळे वाट तुटलीच, तर १० मिनिटांनी तो जुनी मांडणी घेऊन जागा होतो. वाट शाबूत असेल, तर लिहायचं 'रीलोड कॅन्सल' आणि मग जपून ठेवण्यासाठी 'राइट मेमरी'.

ते 'कॅन्सल' विसरायचं नाही हं! नाहीतर सगळं सुरळीत चाललेलं असताना, भर गर्दीच्या वेळी राउटर खुशाल डुलकी काढेल.