हौदातलं हिरवं

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येतं असं कोणी म्हणालं, तर तो पाहुणा आहे हे ओळखावं. इथे दिवसच्या दिवस खंड पडतो. म्हणून घरोघरी हौद, गच्चीवर टाकी, आणि ऊन पोचेल तिथे शेवाळ ठरलेलं. आपण ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन त्याच्यावर तुटून पडतो. घासताना बोटांना दोन गोष्टी लागतात: शेवाळाचा बुळबुळीतपणा, आणि बोअरच्या जड पाण्याने काठावर धरलेला खरखरीत पांढरा थर. या दोघांचं नातं जुनं आहे आणि जरा ताणलेलंही.

त्या पांढऱ्यात मुख्यतः कॅल्शियम. शेवाळाला ते हवं असतं, पण पेशीत मोकळं फिरलेलं चालत नाही. फॉस्फेटशी गाठ पडली की त्याचा साका होतो, आणि फॉस्फेटवाचून तर पेशीचं पानही हलत नाही. म्हणून पेशीपटलातले पंप कॅल्शियम सतत बाहेर उपसतात. पेशीद्रवात ते बाहेरच्या पाण्याच्या सुमारे दहा हजारपट कमी असतं. नुसत्या उपशावर एवढी शक्ती घालवणं ही उधळपट्टी वाटते खरी, पण त्या टंचाईमुळेच चिमूटभर कॅल्शियम आत आलं तरी पेशीला लगेच कळतं. आमच्या गल्लीत ‘पाणी आलं!’ अशी एकच हाक उठते. कोणी मोटर लावतं, कोणी पाइप ओढतं, कोणी कपडे भिजवायला घेतं. चोवीस तास पाणी असतं तर त्या हाकेला कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शेवाळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, दोन कशाभिका मारत पोहणारं. पाणी एकाएकी आम्लधर्मी झालं की कॅल्शियम आत घुसतं आणि काही सेकंदांत शेवाळ दोन्ही कशाभिका मुळापासून तोडून टाकतं. दोनेक तासांत नव्या फुटतात. झगझगीत प्रकाश अंगावर आला तर तेच कॅल्शियम कशाभिकांत शिरतं, पण आता गडी थबकतो आणि उलटा पोहू लागतो. किती आलं, कुठे आलं, किती वेळ टिकलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना कारा ही शेवाळाची जात आठवेल. तिच्या लांबोडक्या पेशीत पेशीद्रव गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतो. सुईने हलकेच डिवचलं की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ती सगळी वाहतूक जागच्या जागी थांबते. काही मिनिटांनी पुन्हा चालू. आत एवढा कडक पहारा ठेवणारी ही कारा बाहेरून मात्र चुन्याचं कवच चढवून बसते, हे मला फार आवडतं.

डुनालिएला ही शेवाळाचीच जात तर काराहूनही धीट. तिला कडक पेशीभित्तीच नाही. भोवतालचं मीठ वाढलं की ती आक्रसते आणि ग्लिसरॉल बनवून स्वतःला सावरते. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं खारं तळं गुलाबी झालं तेव्हा तिच्यावरही संशय घेतला गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं, आणि शेवाळ निदान त्या प्रकरणातून तरी सुटलं.