विशेषणे आणि दगडफूल

आपल्या परिचयातील एखाद्या घरी लोणची, पापड अथवा मसाले विकण्याचा लहानसा व्यवसाय असेलच. अशा व्यवसायास आता रस्त्यावरील पाटी लागत नाही. इन्स्टाग्रामवरील छायाचित्रे, यूट्यूबवरील चित्रफिती आणि २०१८ पासून उपलब्ध झालेले व्हॉट्सॲप बिझनेस हीच त्याची पाटी. परंतु पाटीवर लिहावे काय, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

इंदूरला माझी एक मावसबहीण मसाले करते. यजमानांची नोकरी गेल्यापासून घर त्यावरच चालते. तिने जाहिरातीचा मजकूर मला तपासावयास पाठविला. त्यांत ‘दर्जेदार’, ‘अप्रतिम’, ‘अस्सल’ असे सारे काही होते. भाषांतर हा माझा पोटाचा उद्योग; म्हणून सांगतो, हे शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना वाटेत काहीच सांडत नाही, कारण सांडण्याजोगे त्यांत काही नसतेच.

मी तिला एवढेच विचारले, की गोडा मसाला तू करतेस कसा? उत्तर दोन पाने आले. धणे, तीळ, खोबरे निरनिराळे भाजावे लागतात, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. दगडफुलाला झाडाची साल आणि माती चिकटलेली असते. ते निवडण्यातच दुपार जाते. खोबरे व तीळ तेलकट, म्हणून मसाला फार दिवस ठेवला तर खवट होतो. यासाठी ती एका वेळी थोडाच कुटते. वाचकहो, जाहिरात ती हीच! आम्ही ती जवळजवळ तशीच छापली. चमत्कार घडला नाही. पण लोक भावाआधी ‘ताजा केव्हा कुटणार?’ असे विचारू लागले.

‘पचन सुधारते’ हे वाक्य मात्र मी काढावयास लावले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. ही सारी माध्यमे परक्याची जागा आहेत. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तेथे परिश्रमाने जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेकांनी एका रात्रीत गमावला. म्हणून बहिणीने, गिऱ्हाइकांस विचारूनच, त्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक एका वहीत उतरवून ठेवले आहेत. नावापुढे शेवटच्या मागणीची तारीख असते. दोन महिने उलटले, की ती आपण होऊन विचारते, ‘मसाला संपला का हो?’