वाडीत ऊन पडलं

पोफळ मोडते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. पहिला आवाज झाला तेव्हा आम्हाला वाटलं, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. मग दुसरा, तिसरा. पुढे मोजण्यात अर्थच उरला नाही.

3 जून 2020. गाव श्रीवर्धन. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे डोंबिवलीचे दीर-जाऊ मुलांसह मार्चपासून आमच्याकडेच होते, म्हणून घर भरलेलं. निसर्ग वादळाची खबर दोन-तीन दिवस आधीपासून होती. मासेमारी बंद, त्यामुळे जीवना बंदरातल्या बऱ्याच होड्या वर ओढलेल्या होत्या. किनाऱ्यालगतची माणसं शाळेत हलवली होती, तीही तोंडाला मास्क लावून. आम्ही असोली सुपारीची पोती माळ्यावर चढवली. पाणी आत आलं तर ती भिजू नयेत, एवढाच हिशेब. छप्परच जाईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. 2009च्या फयान वादळात चार कौलं सरकली होती, आणि आमची सगळी तयारी त्या मापाची.

सकाळी वारा पूर्वेकडून, डोंगराच्या अंगाने येत होता. सासूबाई पडवीत उभं राहून म्हणाल्या, "हा पावसाचा वारा नव्हे गो, उलटा आहे." दुपारकडे तो दक्षिणेला वळला, आणि आमची पोफळीची वाडी बघता बघता आडवी व्हायला लागली. वादळाचा मध्य मुरूडच्या बाजूने जमिनीवर चढला. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता, हे नंतर कळलं. आम्हाला कळत होतं ते एवढंच की दार लावायला चार माणसं लागताहेत. कोने उडाले, मग कौलं, मग मागीलदारचे पत्रे. आम्ही सगळे माजघरात, देवघराच्या भिंतीला टेकून बसलो. मुलं रडत नव्हती, ह्याचीच मला जास्त भीती वाटत होती. सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली, पण आवाजात आवाज मिसळून गेला.

पोफळी दाट लावलेल्या असतात आणि उंच असतात. एक मोडली की शेजारणीवर पडते. आंबा मुळासकट उपटतो, नारळाचा शेंडा जातो, पण पोफळीचे मधेच दोन तुकडे होतात, कंबरेत मोडल्यासारखे. तीनच्या सुमारास वारा उतरला. ह्यांनी मागचं दार ढकललं तर उघडेना, बाहेर खोडांचा ढीग. खिडकीतून चढून हे बाहेर गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मीही गेले. आमच्या वीस गुंठ्यांत भर दुपारीसुद्धा दिवा लावावासा वाटे इतका काळोख असायचा. तिथे आता लख्ख उजेड होता, आणि लग्न होऊन आल्यापासून कधी न दिसलेला समुद्र थेट विहिरीपासून दिसत होता. जाऊबाईंचा धाकटा खूश झाला. "आजी, समुद्र जवळ आला!"

खरे हाल त्यानंतर सुरू झाले, आणि त्यांची बातमी होत नाही. वीज महिनाभराहून जास्त काळ गेली. फोन बंद, त्यामुळे मुंबईचे नातेवाईक आम्ही जिवंत आहोत की नाही ह्याच काळजीत. विहीर तुडुंब, पण पंप चालेना, आणि रहाट तर आम्हीच कधीचा मोडून टाकलेला. जनरेटर भाड्याने घेऊन लोक टाक्या भरायचे, तेही पाळीने. मेणबत्त्या संपल्या. पत्र्यांचे भाव चढले, ताडपत्री मिळेना, आणि वर पाऊस सुरू झाला. माळ्यावरची सुपारी भिजून काळी पडली.

खोडं काढायची कशी, हा मोठा प्रश्न होता. कटरवाला तासाचा जो दर सांगे तो ऐकून हे हसत असत. काढलेलं लाकूड टाकायलाही जागा नाही, कारण सगळ्यांच्याच वाड्यांत तेच. आणि जे वाचलं तेही पुढे हळूहळू गेलं. सावलीत वाढलेल्या जायफळांना ऊन सोसेना, पानं करपली. मिरीचे वेल ज्या पोफळींवर होते त्यांच्यासकट गेले.

मदत जाहीर झाली हेक्टरी 50,000 रुपये. दापोली-श्रीवर्धनात हेक्टर कुणाकडे असतो? इथे वाडी गुंठ्यांत मोजतात, म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे. पुढे झाडावर हिशेब आला, पोफळीला 50, नारळाला 250. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे वीस वर्षांच्या झाडाच्या पन्नास रुपयांत कुठे बसवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

रोपं लावायची की नाही ह्यावर घरात वाद झाला. दिरांचं म्हणणं, जागा पर्यटकांच्या खोल्यांना द्यावी, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "खोल्या बांधा, पण विहिरीच्या अलीकडे." विहिरीच्या पलीकडे आम्ही पोफळीची रोपं लावली, आणि त्यांना सावली हवी म्हणून मधे केळी. पुढच्या मेमध्ये तौक्ते वादळाच्या वाऱ्यात केळी आडव्या झाल्या. त्या जूनमध्ये पुन्हा लावल्या. खोल्यांचं काम मात्र अजून जोत्यापुढे गेलेलं नाही.