टोंगराभर चिखलातले शब्द

आषाढ लागला की भंडाऱ्याच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होते. टोंगराभर चिखलात वाकून बाया पऱ्हे लावत मागे मागे सरकतात. पुस्तकातला गुडघा वऱ्हाडात टोंगळा आणि वैनगंगेकाठी टोंगरा. इथली झाडीबोली ळ उच्चारत नाही, त्या जागी र येतो. म्हणून डोळ्याचा डोरा, कपाळाचं कपार. पोरगं शाळेत डोरा म्हणालं की त्याला लगेच दुरुस्त करतात, आणि माझ्या पोटात तुटतं.

आपल्या अंगाइतकं आपलं दुसरं काय असतं? पण त्याची नावं बघावीत तर ती दहा घरची. दात, पाय, नाक, कान प्राकृतातून झिजत आले. कंबर फारसी कमरेची. पोट मात्र संस्कृत उदराचं कोणीच लागत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त ‘पोट्ट’ नोंदवला, आणि तेलुगूत आजही पोट्टच म्हणतात. कपाळ तर मुळात खापर, कवटी. त्याचा अर्थ सरकत भुवयांच्या वर येऊन थांबला आणि मग त्यावर नशीबही लिहिलं गेलं.

दूर जर्मनीतही हेच घडलं. त्यांचा डोक्यासाठीचा जुना, भारदस्त शब्द हाउप्ट. आज राजधानी, मुख्य स्टेशन अशा जोडशब्दांत तो मानाने बसलेला दिसतो. रोजच्या बोलण्यात डोक्याला म्हणतात कोप्फ, आणि कोप्फ म्हणजे पूर्वी प्याला! लॅटिनमधून आलेलं पिण्याचं भांडं लोकांनी खांद्यावर बसवलं. तो शब्द आता शाळेत शिकवतात, डॉक्टर वापरतात; त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. गुडघ्याला मात्र त्यांनी क्नी हा जुनाच शब्द ठेवला. आपला जानु त्याचा सख्खा, पण तो आता आजानुबाहूपुरता उरला.

जानुची रिकामी जागा गुडघ्याने घेतली, तशीच इकडे टोंगऱ्याने घेतली. दोघांचा हक्क सारखाच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, ते याच हक्कासाठी, असं मला वाटतं. रोवणीहून परतलेली म्हातारी ओट्यावर बसून टोंगरे चोळते, तेव्हा दुखणारी जागा गुडघा नसते. वहीत तो शब्द तिच्या उच्चारासकट लिहून घ्यायला हवा, शेजारी लाल शाईची खूण न करता.