टोपी उलटी करून पाहावी

मराठी भाषेने टोपीला फारसे चांगले वागवलेले नाही. कुणाला फसवले की 'टोपी घातली', पक्ष बदलला की 'टोपी फिरवली'. उर्दूतही एखाद्याची बेइज्जती करायची तर त्याची टोपीच उछालली जाते. या दोन्ही भाषांत रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाने जुन्या टोप्या जमवायला घेतल्या, तेव्हा स्टाफरूममध्ये हसे होणे साहजिकच होते. त्यातही आम्ही जमवतो ती लाल फेल्टची, काळ्या गोंड्याची तुर्की टोपी. हैदराबादकडे तिला रूमी टोपी म्हणतात, कुणी फेज म्हणतात. आमच्या कपाटात अकरा आहेत. त्यातल्या चारच खऱ्या अर्थाने चांगल्या. उरलेल्या सात वाईट कशाला म्हणावे हे शिकवायला उपयोगी पडतात.

हा नाद शाळेतूनच लागला. आमच्या उर्दू माध्यमाच्या हायस्कुलातल्या मुलांना ही टोपी ठाऊक आहे ती स्नेहसंमेलनामुळे. भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानातून ती येते, पुठ्ठ्यावर लाल कापड चिकटवलेली. एका वर्षी ती सर सय्यद होते, दुसऱ्या वर्षी कंजूष सावकार आणि तिसऱ्या वर्षी जादूगार. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने जी टोपी निकाहाला, ईदला आणि फोटो काढून घेताना सन्मानाने घातली, ती नातवंडांपर्यंत सोंग म्हणून पोहोचावी, हे आम्हाला सलते. मुलांना अस्सल टोपी हातात द्यायची, तर आधी ती ओळखता यायला हवी.

आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत अशी की ही टोपी म्हणजे दीनाचा भाग. तसे काही नाही. सुलतान महमूद दुसरा याने १८२६ मध्ये जुनी जानिसारी फौज मोडली, नव्या फौजेला ही टोपी दिली आणि १८२९ च्या फर्मानाने मुलकी अधिकाऱ्यांनाही ती लागू केली. उलेमांना पगडीची मुभा राहिली. मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी अधिकारी एकाच लाल टोपीत दिसू लागले. म्हणजे त्या काळी ही टोपी नव्या जमान्याची निशाणी होती. सर सय्यद अहमद खान यांनी ती आपलीशी केली तीही त्याच भावनेने. १८७५ मध्ये त्यांनी अलीगढला मदरसा काढला, पुढे त्याचे कॉलेज झाले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर काळ्या कोटाबरोबर हीच टोपी आली. सर सय्यदांना 'नेचरी' म्हणून हिणवणाऱ्यांना तीही खटकत होतीच.

पुढे गंमत पाहा. १८२९ मध्ये जी टोपी नवेपणाची म्हणून डोक्यावर चढवली, तीच जुनाटपणाची म्हणून मुस्तफा कमाल यांनी २५ नोव्हेंबर १९२५ च्या कायद्याने उतरवली. त्या कायद्याला विरोध करणाऱ्यांपैकी काही जण फासावर गेले. इजिप्तमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर ती सरकारी पोशाखातून गेली. टोपी तीच राहिली, बदलला तो पाहणाऱ्यांचा चष्मा. म्हणून आम्ही टोपीवर काय काय लादले गेले ते क्षणभर बाजूला ठेवतो आणि आधी तिची लोकर पाहतो.

ही लोकर समजण्यासाठी ट्यूनिसला जावे लागते. महमूदच्या फौजेसाठी सुरुवातीच्या टोप्या तिथूनच मागवल्या होत्या. १६०९ पासून स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या अंदलुसी मुसलमानांनी हा हुन्नर ट्यूनिसमध्ये वाढवला, आणि झैतुना मशिदीजवळच्या बाजारात 'शाशिया' नावाची तिची बुटकी बहीण आजही बनते. बायका पांढऱ्या लोकरीची टोपी विणतात. ती डोक्याला फार मोठी, ढगळ असते. मग गरम पाणी आणि साबण लावून ती तुडवतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. टोपी आटत जाते, घट्ट होते आणि वीण दिसेनाशी होते. नंतर काटेरी बोंडांनी घासून लव उठवायची, कात्रीने ती सारखी करायची, रंगवायची आणि साच्यावर चढवायची. तुर्कस्तानात पितळेच्या तापवलेल्या साच्यांवर टोपी पुन्हा आकारात आणून देणाऱ्यांची वेगळी दुकाने असत, कारण पावसात भिजली की ती बसत असे. त्या साच्याला तुर्कीत 'कालिप' म्हणतात. उर्दू वाचकांना 'एक जान दो कालिब' आठवेल. शब्द तोच.

आता पारख. पहिली गोष्ट, शिवण शोधावी. चांगल्या टोपीला शिवण नसते. माथा आणि बाजू अखंड असतात, आणि माथ्याच्या मधोमध गोंडा अडकवण्यासाठी फेल्टचाच इवलासा देठ असतो. माथ्याची चकती वेगळी जोडलेली असेल तर टोपी हलक्या प्रतीची समजावी. दुसरी गोष्ट, अंगठ्याने हलकेच दाबावी. चांगले फेल्ट दबते आणि परत येते. नुसत्या खळीवर उभे असलेले फेल्ट कडकडते, दबले की खळगा तसाच राहतो. तिसरी, उजेडासमोर धरावी. विरळ ठिपके दिसले तर लोकर कमी घातलेली आहे किंवा कसर लागलेली आहे. चौथी, गोंड्याचा एक सुटा धागा जाळून पाहावा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते. नकली रेशमाला कागद जळल्याचा वास असतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टोपी उलटी करावी. आतली चामड्याची पट्टी अलगद दुमडली की तिच्याखाली ऊन न लागलेला मूळ रंग दिसतो, आणि अस्तरावर कारखान्याचा छाप असेल तर जन्मस्थळ कळते. इथे उर्दू शिकल्याचा फायदा होतो. तुर्कस्तानात टोपीबंदी झाली १९२५ मध्ये आणि तुर्की भाषा लॅटिन लिपीत गेली १९२८ मध्ये. म्हणून आत लॅटिन लिपीतला तुर्की मजकूर असेल, तर ती टोपी उस्मानी काळातली नव्हे. प्रवाशांसाठी केलेली आहे, एवढे खुशाल समजावे. अरबी लिपीतला छाप मात्र थांबून, अक्षर-अक्षर लावून वाचावा.

आणि छाप नेहमी इस्तंबूलचाच निघेल असेही नाही. सुलतानाने राजधानीत टोप्यांचा सरकारी कारखाना काढला होता, पण एकोणिसाव्या शतकात फार मोठा पुरवठा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून होई. बोहेमियातले स्त्राकोनित्से हे गाव त्यासाठीच नावाजलेले. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार घातला आणि भर रस्त्यात लाल टोप्या फाडल्या. आपल्याकडच्या स्वदेशीसारखेच ते. १९१८ नंतर बोहेमिया चेकोस्लोव्हाकियात गेला आणि छापही बदलला.

या छापाने आम्हाला एकदा अवघड जागी आणून ठेवले. शाळेच्या वाचनालयात आम्ही एक छोटे काचेचे कपाट केले आहे. त्यासाठी मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, वय पंचाऐंशी, वडिलांची टोपी घेऊन आले. वडील बोटीवर खलाशी होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई की ही टोपी त्यांना इस्तंबूलला खलिफाच्या हातून मिळाली. चिठ्ठीवर तसे लिहा, एवढीच त्यांची इच्छा. टोपी उत्तम होती. अखंड फेल्ट, रेशमी गोंडा. पट्टी दुमडली तर आत छाप, 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया'.

"चाचा, ही बोहेमियात बनलेली आहे," आम्ही म्हणालो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, म्हंजे अब्बा खोटं बोलले काय?"

"टोपी कुठं बनली एवढंच ती सांगते, चाचा. कुठं घेतली, कुणी दिली, ते सांगत नाही. खलिफा १९२४ पर्यंत होते, आणि तिथल्या बाजारात बाहेरच्या टोप्याही विकल्या जात. पण जे टोपी सांगत नाही, ते आम्हाला चिठ्ठीवर लिहिता येणार नाही. ही मुलांची शाळा आहे."

त्यांनी टोपी हातात घेतली. पट्टीवर घामाचा काळपट डाग होता, त्यावरून बोट फिरवले. "हा तरी अब्बांचाच ना? मग हे लिहा."

आम्ही लिहिले: 'तुर्की टोपी. लोकरीचे फेल्ट, उत्तम प्रत. बनावट चेकोस्लोव्हाकिया, १९१८ नंतरची. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खलाशाने वापरलेली. आतला डाग त्यांच्या घामाचा, म्हणून साफ केलेला नाही.' चाचांनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि खाली सही केली.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी ती उघडून पाहा. टोपी सापडली तर गरम पाण्यात घालू नका, आटेल आणि रंग सोडेल. उन्हात ठेवू नका. मऊ ब्रशने लव ज्या दिशेला आहे त्याच दिशेने झटका, आत मऊ कागद भरा, डांबराच्या गोळ्या कापडात बांधून शेजारी ठेवा. मग पट्टी दुमडून अक्षरे वाचा. लागली नाहीत, तर जवळच्या उर्दू शाळेत घेऊन जा. तिथे वाचून देणारे कुणीतरी भेटेल.