मूळ फाईल पुसू नका

घरच्या व्हिडिओची फाईल लहान करताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक सुधारता आल्या. एक मात्र कायमची राहिली. ती सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

ताईच्या लग्नाचं चित्रण मिनीडीव्ही कॅसेटवर होतं. फायरवायर केबलने ते कॉम्प्युटरवर उतरवलं, तर तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागली. मावशी अमेरिकेत, काका नागपूरला. सगळ्यांना लग्न बघायचं होतं. पाठवायचं कसं?

आधी झिप करून पाहिलं. फाईल जवळपास तेवढीच राहिली. कॅमेऱ्यानेच व्हिडिओ एकदा दाबलेला असतो, झिपला काढण्यासारखं त्यात फारसं उरत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग मी चित्राची लांबी-रुंदी कमी केली, पण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, होता तेवढाच ठेवला. फाईल तरीही मोठीच. खरा हिशोब सोपा आहे: फाईल किती मोठी होणार हे बिटरेट आणि वेळ यांवर ठरतं. सेकंदाला २ मेगाबिट म्हटलं, तर तासाभराच्या चित्राचे ७,२०० मेगाबिट, म्हणजे सुमारे ९०० एमबी होतात. आवाजाचे थोडे वेगळे.

हिशोब कळल्यावर मी बिटरेट फारच खाली आणला. त्यात जुन्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरलेस्ड होतं. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात सम ओळी तर दुसऱ्यात विषम. फाईल लहान करायला मी हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरत होतो. त्यात डीइंटरलेसचा, म्हणजे ही अर्धी चित्रं नीट जुळवण्याचा, पर्याय समोर दिसत असूनही मी तो सोडून दिला. बाबांनी अक्षता टाकायला हात उचलला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटायच्या. या रेषांमुळे चित्र तर बिघडतंच, शिवाय त्या साठवण्यातच बिट खर्ची पडतात.

तरीही फाईल मोठी वाटली, म्हणून त्या लहान केलेल्या फाईलचीच आणखी लहान फाईल केली. प्रत्येक वेळी नव्याने दाबताना थोडा तपशील कायमचा जातो. आवाजही ३२ केबीपीएसवर नेला. त्यातून वाचले ते तासाला जेमतेम ४०-४५ एमबी. आजीने मंगलाष्टक म्हटलं होतं. त्यातले ‘स’ आणि ‘श’ आता ओळखू येत नाहीत. तिच्या नथीतले मोती वेगळे दिसत नाहीत, तिथे नुसते चौकोन आहेत.

हे लक्षात आलं तेव्हा मूळ फाईल डिस्कवरून पुसून झाली होती आणि त्याच कॅसेटवर भाचीच्या बारशाचं चित्रण झालं होतं. आजी आता नाही. तिच्या आवाजाची आमच्याकडे एवढी एकच प्रत आहे. जागा वाचवायची घाई मला नडली.

आता मी आधी नको तो भाग कापतो. रिकामा मांडव, हललेला कॅमेरा गेला की फाईल आपोआप उतरते आणि दर्जाला धक्का लागत नाही. मग हँडब्रेकमध्ये एच.२६४ ही दाबण्याची पद्धत निवडतो, दर्जाचा आकडा २०च्या आसपास ठेवतो, आणि पूर्ण फाईल करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून तो मोठ्या पडद्यावर बघतो. एच.२६५ने फाईल आणखी लहान होते, पण जुन्या टीव्हीवर ती चालेलच असं नाही. आवाज १२८च्या खाली नेत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते.

तुमच्या कपाटात अशा कॅसेट असतील, तर कॅमेरा चालू आहे तोवर त्या उतरवून घ्या. मूळ फाईल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि पाठवायची प्रत दर वेळी तिच्यावरूनच काढा.